कारकुनाची जबानी

नौकेला इंजिन बसवावयाचे म्हटले म्हणजे ते आत बसवावे की बाहेर, हा प्रश्न गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत अगदी सरळ होता आणि त्याची उत्तरेही दोनच होती. आत बसवले तर इंजिन मोटारीच्या जातीचे, दणकट आणि दांडगे मिळे, परंतु त्याचा दांडा नौकेच्या तळातून आरपार काढावा लागे आणि पंखा एकदा जेथे बसला तेथे जन्मभर बसे. बाहेर पिछाडीच्या फळीला टांगले तर पंखा हवा तेव्हा उचलता येई, परंतु इंजिन लहान, तापट आणि पेट्रोलचे व्यसनी असे. १९५९ साली स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटा कंपनीने न्यूयॉर्कच्या नौकाप्रदर्शनात ‘अ‍ॅक्वामॅटिक’ नावाचे यंत्र मांडून तिसरे उत्तर दिले: इंजिन आत, गिअर आणि पंखा बाहेर, व दोहोंची गाठ घालून देण्यासाठी फळीला पाडलेले एक भले मोठे भोक. या यंत्रामागे जिम विन नामक ज्या अमेरिकन अभियंत्याचे डोके होते, तो मर्क्युरी कंपनीची नोकरी सोडून बाहेर पडलेला होता, आणि पुढे दोनच वर्षांनी, १९६१ साली, त्याच मर्क्युरीला ‘मर्क्रूझर’ या नावाने हेच तत्त्व बाजारात आणावे लागले, ही हकीकत ज्यांनी आयुष्यात एकदा तरी राजीनामा दिला आहे त्यांना विशेष सुखद वाटेल.

या मधल्या मार्गाच्या यंत्राला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. त्यात दोन्ही पक्षांचे गुण आले आहेत, हे त्याच्या विक्रेत्यांचे म्हणणे खरे आहे. दोन्ही पक्षांचे दोष मात्र वजा न होता त्यांची बेरीज झाली आणि वर व्याज म्हणून ट्रिम नावाचे एक स्वतंत्र खाते उघडावे लागले, ही गोष्ट ग्राहकास पहिल्या उन्हाळ्यानंतर कळते.

ट्रिम म्हणजे काय, हे ज्यांचा जलप्रवास गेटवे ते मांडवा यापलीकडे गेलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. बाहेर लोंबणारा हा ड्राइव्ह पिछाडीशी खिळलेला नसून जोडलेला असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक हायड्रॉलिक सिलिंडर असतो. सिलिंडरात तेल रेटले की त्याचे दांडे बाहेर येऊन ड्राइव्ह मागे व वर उचलला जातो, उलट बाजूने रेटले की तो खाली, फळीकडे येतो. पंख्याचा रोख त्यामुळे अंशात्मक बदलतो आणि तेवढ्यावर नौकेची नाळ, म्हणजे पुढचे टोक, दबावयाची की उचलावयाची याचा निकाल लागतो. निघताना ड्राइव्ह आत घ्यावा, म्हणजे नाळ खाली राहून नौका चटकन पाण्यावर आरूढ होते. वेग आला की तो बेताने बाहेर द्यावा, म्हणजे पुढचा भाग उचलून पाण्याशी घर्षण कमी होते आणि पेट्रोलचा खप उतरतो. हौसेच्या भरात तो फार बाहेर दिला तर नौका टप्पे घेत, नाक आपटीत चालते, पंखा पाण्याऐवजी हवा गिळून किंचाळू लागतो, आणि मागच्या बाकावरील पाहुणेमंडळी एरवी ज्यांच्या देवळाकडे फिरकत नाहीत अशा दैवतांचा नामोच्चार करू लागतात.

उथळ पाण्यात तर या ड्राइव्हच्या वर जाण्यावरच मालकाची अब्रू अवलंबून असते, आणि मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहराला लागून पसरलेले लेक सेंट क्लेअर हे सरोवर या दृष्टीने मोठे परीक्षक आहे. त्याचा विस्तार सुमारे ४३० चौरस मैल, आणि सरासरी खोली अवघी ११ फूट. मोठ्या जहाजांसाठी मधून एक खोल मार्ग खणून काढलेला आहे. बाकीचे पाणी मासे, पाणगवत आणि हौशी नाविक यांच्यावर सोपवले आहे. १६७९ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या १२ तारखेस, संत क्लेअर हिच्या सणाच्या दिवशी, ला साल हा फ्रेंच प्रवासी ‘ग्रिफन’ नावाचे गलबत घेऊन या सरोवरात शिरला, त्यावरून हे नाव पडले. ते गलबत त्याच वर्षी परतीच्या वाटेवर बेपत्ता झाले. त्याला ट्रिम नव्हता. तेव्हा दोष कोणाच्या माथी मारण्यात आला असेल, याचे मला अद्याप कुतूहल आहे. सरोवराच्या वरल्या अंगास सेंट क्लेअर नदीवर अल्गोनॅक हे गाव आहे. क्रिस-क्राफ्ट या नामांकित नौकांचा कारखाना तेथलाच, आणि गार वुड याने १९३२ साली ‘मिस अमेरिका टेन’ ही नौका ताशी १२० मैलांहून अधिक वेगाने पिटाळली तीही याच पाण्यावर. परिणामी या काठावरील प्रत्येक गृहस्थ नौकाशास्त्राचे ज्ञान आपणांस वतनात मिळाले आहे असे समजतो, आणि त्याची सनद कोणी पाहावयास मागत नाही.

डेट्रॉइटच्या परिसरात, ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स इत्यादी उपनगरांत, मोटारींच्या कारखान्यांत चाकरी करणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत. गणेशोत्सवातील बसलेला ध्वनिवर्धक उठवण्यासाठी जेथे डझनभर यांत्रिक अभियंते सहज जमतात, अशी ही वस्ती. त्यांपैकी आमच्या एका स्नेह्यांनी एक सेकंड हँड नौका घेतली. हे स्नेही मूळचे मालवणचे, आणि मालवणचा मनुष्य पाण्याच्या बाबतीत कोणाचा सल्ला घेत नाही, तो देतो. वास्तविक त्यांचे बालपण दादरला गेले होते आणि सिंधुदुर्ग किल्ला त्यांनी दोन वेळा, तोही भरसभेत पिशवी सांभाळणाऱ्याच्या सावधगिरीने होडीच्या मधोमध बसून पाहिला होता. तथापि आंग्र्यांच्या आरमारात आपले पूर्वज तांडेल असल्याविषयी त्यांच्या मनात संशय नव्हता. नौकेचा ड्राइव्ह कोणत्या कारखान्याचा होता ते सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात दोष कारखान्याचा नसून वयाचा होता.

आता या यंत्रणेचा अंतर्गत कारभार. तो पाहिला म्हणजे मला जुन्या मामलेदार कचेरीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. वेगाच्या दांड्यावर अंगठ्याखाली येणारे बटण दाबणे म्हणजे अर्ज गुदरणे. हा अर्ज बारीक तारेवाटे निघून प्रथम दोन कारकुनांपैकी ज्याच्या टेबलाचा असेल त्याच्याकडे जातो. या कारकुनांना सोलेनॉइड म्हणतात. एक फक्त ‘वर’चे अर्ज घेतो, दुसरा फक्त ‘खाली’चे, आणि एकाचे काम दुसरा मरेतो करीत नाही. अर्ज रीतसर पोचला की कारकून त्यावर ‘टिक्’ असा शिक्का उठवतो आणि बॅटरीच्या तिजोरीतून जाड तारेने विजेचा भरणा मोटरकडे रवाना करतो. मोटर हुकुमाप्रमाणे सुलटी किंवा उलटी फिरून पंपास जुंपते, पंप तेलास हद्दपार करतो, आणि शेवटी बाहेर, पाण्यात, ऊनवारा सोशीत उभे असलेले दोन सिलिंडर हे तलाठी प्रत्यक्ष ओझे उचलतात. याखेरीज ‘वर’च्या अर्जाच्या वाटेवर एक नाकेदारही बसवलेला असतो. त्याचे नाव लिमिट स्विच. नौका वेगात असताना ड्राइव्ह एका मर्यादेपलीकडे वर गेला तर त्याला दोन्ही बाजूंनी असलेला आधार सुटतो आणि यंत्रास इजा पोचते. म्हणून ती हद्द आली की हा नाकेदार अर्ज अडवून धरतो. मात्र नौका पाण्याबाहेर काढून ट्रेलरवर चढवताना ड्राइव्ह पुरताच वर घ्यावा लागतो, नाहीतर त्याचे टोक रस्त्यावर घासते. अशा प्रसंगासाठी ‘ट्रेलर’ असे लिहिलेले वेगळे बटण दिलेले असते. ते नाक्याला वळसा घालून अर्ज थेट कारकुनाच्या हातात देते. पाटबंधारे खात्यात ज्यांनी कामे करून घेतली आहेत, त्यांना हे बटण समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

अशा कचेरीत काम अडले म्हणजे लोक काय करतात? थेट मामलेदाराच्या नावाने ओरडतात. ज्याचा पगार मोठा, तोच गुन्हेगार, हे गृहीत धरून चौकशी सुरू होते, आणि कारकुनाची जबानी घेण्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. बिघडलेल्या ट्रिमभोवती जमलेल्या मनुष्यसमुदायाचे जे अवलोकन मला घडले, त्यावरून तरी हा मनुष्यस्वभाव जमिनीवर आणि पाण्यात सारखाच आहे.

प्रसंग जूनच्या अखेरच्या एका रविवारचा, संध्याकाळचा. त्या दिवसांत लेक सेंट क्लेअरच्या काठी फिशफ्लाय नावाचे कीटक लाखोंनी बाहेर पडतात. चावत नाहीत, काही खातही नाहीत, केवळ दिव्यांच्या खांबांवर, मोटारींवर आणि माणसांच्या सदऱ्यांवर येऊन बसतात आणि एकदोन दिवसांत मरतात. नौका उतरवण्याच्या सिमेंटच्या उतारावर त्यांचा थर साचलेला होता आणि प्रत्येक पावलागणिक कुरकुर वाजत होती. उतारावर मोटारी आणि रिकामे ट्रेलर यांची रांग लागलेली. या रांगेतील अमेरिकन मनुष्य तोंडाने काही बोलत नाही. तो दोन्ही हात कंबरेवर ठेवून आपल्याकडे पाहतो, आणि एवढ्याने मालवणच्या मनुष्याचाही तोल जातो.

आमचे स्नेही नौका घेऊन उताराशी आले, वहिनींनी ट्रेलर पाण्यात ढकलला (मोटार मागे घेण्याचे काम त्या घरात वहिनींकडे आहे आणि ते तसेच असावे असे ज्यांनी स्नेह्यांना पार्किंग करताना पाहिले आहे त्या सर्वांचे मत आहे), आणि स्नेह्यांनी अंगठ्याने ‘वर’चे बटण दाबले. काही झाले नाही. पुन्हा दाबले. अधिक जोराने दाबले. जणू अर्जावरची शाई फिकी पडली होती. ‘खाली’चे बटण दाबले तेव्हा मोटर चांगली घोंघावली, परंतु ड्राइव्ह आधीच खाली असल्यामुळे त्या कार्यतत्परतेचा उपयोग नव्हता.

चार-पाच मिनिटांत सल्लागार मंडळ स्थापन झाले. एक गृहस्थ, ज्यांची स्वतःची नौका दोन वर्षे अंगणात ताडपत्रीखाली आहे, म्हणाले, पंप गेला. नवा घ्यावा लागेल. दुसऱ्याने सिलिंडरची सीले संपली असल्याचे निदान केले आणि आपल्या मेव्हण्याच्या नौकेची दुःखद कथा आरंभिली, जी मूळ विषयाशी दुरून संबंधित होती. तिसऱ्याच्या मते तेलात हवा शिरली होती. आमच्याबरोबरचे एक मराठी अभियंते, ज्यांची हयात मोटारींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या अभ्यासात गेली आहे, त्यांनी वडापावच्या कागदी पिशवीवर हायड्रॉलिक मंडलाची आकृती काढली, तीत तीन प्रकारचे व्हॉल्व्ह दाखवले, आणि यांपैकी दुसरा अडकला असल्याची शक्यता सर्वाधिक आहे असे सप्रमाण सिद्ध केले. आकृती उत्तम होती. एवढेच की ती वीज मोटरपर्यंत पोचली आहे या गृहीतकावर उभी होती आणि मोटर तर ‘वर’ म्हटल्यावर हूं की चूं करीत नव्हती.

“भावजी, यांना सांगा, नौका इथेच बांधून ठेवू आणि घरी जाऊ. मुलांची उद्या शाळा नाही, पण यांचं ऑफिस आहे,” वहिनी मला म्हणाल्या. यावर स्नेह्यांनी, आरमाराच्या इतिहासात नौका टाकून घरी जाण्याचे एकही उदाहरण नाही, अशा आशयाचे काही उद्गार काढले.

शेजारच्या लाकडी धक्क्यावर एक वृद्ध गृहस्थ गळ टाकून बसले होते. बादलीत दोन मासे, डोक्यावर रंग उडालेली टोपी. इतका वेळ त्यांनी पाण्यावरून नजर काढलेली नव्हती. ते तेथूनच म्हणाले, “बटण दाबल्यावर टिक् वाजतं का?”

सगळे गप्प झाले. स्नेह्यांनी बटण दाबले आणि सर्वांनी इंजिनाच्या झाकणाकडे कान लावला. टिक् नाही.

“खालचं दाबल्यावर?”

टिक्. आणि मागोमाग मोटर.

“मग पंपाला काय म्हणून शिव्या देता?” असे म्हणून वृद्धांनी गळ वर ओढला, आमिष तपासले आणि पुन्हा टाकला. “ट्रेलरचं बटण दाबून पाहा.”

आता या बटणाविषयी आमच्या स्नेह्यांचा समज असा होता की त्याचा संबंध ट्रेलरच्या दिव्यांशी असावा. आणि त्यांच्या ट्रेलरचे दिवे मुळातच लागत नसल्यामुळे त्यांनी ते बटण कधी दाबून पाहिले नव्हते. ते दाबताच टिक् वाजले, मोटर घोंघावली, आणि तो ड्राइव्ह पाणी निथळीत, पंख्यात अडकलेल्या गवताच्या जटा मिरवीत सावकाश वर आला. मंडळातील सर्व सभासद काहीशा हिरमुसल्या चेहऱ्याने आपापल्या मोटारींकडे गेले. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या अभियंत्यांनी पिशवी घडी करून खिशात ठेवली. दुसऱ्या व्हॉल्व्हविषयीचे त्यांचे मत अद्याप कायम आहे.

वृद्धांच्या त्या एका प्रश्नात या विद्येचे निम्मे सार आहे. टिक् वाजत नसेल तर अर्ज कारकुनापर्यंत पोचलेला नाही किंवा कारकुनाने तो घेतलेला नाही: चौकशी बटण, बारीक तारा, वीस अँपिअरचा फ्यूज, नाकेदार आणि फार तर तो कारकून यांच्यापुरती मर्यादित करावी व तेलाच्या वाटेस जाऊ नये. टिक् वाजून मोटर स्तब्ध राहिली तर कारकुनाने शिक्का मारला, पण भरणा पुढे गेला नाही. मग सोलेनॉइडच्या आतले जळके पृष्ठभाग, बॅटरीच्या हिरव्या पडलेल्या टोप्या, ऋण बाजूची गंजलेली तार आणि मोटर यांना हजर करावे. मर्क्रूझरच्या पुष्कळ पंपांवर या जाड मार्गावर ११० अँपिअरचा एक फ्यूज असतो. तो पंपापाशीच, सोलेनॉइडच्या बाजूला चिकटून बसलेला असल्यामुळे पाहणाऱ्यास तो यंत्राचाच एखादा पत्रा वाटतो, आणि तो जळून गेला असताना अख्खे पंप बदलले गेल्याच्या कथा प्रत्येक बंदरात ऐकावयास मिळतात. मात्र तो गेला असता दोन्ही टेबले बंद पडतात. एक चालू आणि एक बंद असेल तर त्या बिचाऱ्यावर आळ घेऊ नये. मोटर फिरते आणि ड्राइव्ह ढिम्म हलत नाही, एवढीच स्थिती असेल तेव्हा, आणि तेव्हाच, तेल, पंप आणि व्हॉल्व्ह यांचा पंचनामा करण्याचा अधिकार प्राप्त होतो.

एका टेबलाचे काम होते आणि दुसऱ्याचे होत नाही, अशा वेळी करावयाची एक परीक्षा मला फार आवडते, कारण तीत पैसा लागत नाही आणि न्याय मिळतो. दोन्ही कारकुनांकडे जाणाऱ्या बारीक तारा आपसात बदलाव्या, म्हणजे ‘वर’चा अर्ज ‘खाली’च्या टेबलावर जाईल आणि उलट. मग ‘खाली’ म्हटले असता ड्राइव्ह वर आला, तर ‘वर’चा कारकून, मोटर, पंप हे सगळे निर्दोष सुटले आणि अपराधी वाटेत कोठे तरी आहे असे ठरते. बटण उलटे आणि काम सुलटे, हे दृश्य पाहून मालकास काही काळ शासनव्यवस्थेचे खरे ज्ञान झाल्यासारखे वाटते. परीक्षेनंतर तारा परत जागच्या जागी लावण्यास मात्र विसरू नये. पुढच्या मालकाने आपणांस दिलेले आशीर्वाद ऐकू येत नाहीत, पण लागतात.

दुसरी एक परीक्षा आहे, ती मात्र मी कोणास करू देत नाही. सोलेनॉइडच्या दोन जाड खिळ्यांवर पेचकस आडवा धरून मोटर फिरते का पाहण्याची ही रीत मोटारगाड्यांच्या गराजांतून नौकांत आली. पेचकस टेकताच ठिणगी उडते. मोटारीखाली उघडी हवा असते. नौकेच्या पोटात पेट्रोलची वाफ साचलेली असू शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे वास येण्याइतकी वरही येत नाही. अमेरिकेचे तटरक्षक दल पेट्रोलचे इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे ही वाफ बाहेर काढणारा पंखा, चार मिनिटे चालवावा असे सांगते ते उगाच नव्हे. हीच गोष्ट मी स्नेह्यांना सांगितली, तेव्हा त्यांनी आंग्र्यांकडे ब्लोअर नव्हते असे निदर्शनास आणले. त्यांच्याकडे पेट्रोलही नव्हते.

स्नेह्यांचा गुन्हेगार अर्थातच नाकेदार ठरला. पिछाडीच्या आतल्या बाजूस त्याच्या दोन तारा मुख्य जुडग्याला येऊन मिळतात. तेथे त्या सोडवून जुडग्याकडील दोन टोके एकमेकांस जोडली तर ‘वर’चे बटण पूर्ववत चालू झाले, तेव्हा निकाल लागला. या तारा बाहेर पाण्यात असलेल्या नाकेदारापासून फळीच्या भोकातून आत येतात, आणि ड्राइव्ह जितक्या वेळा वरखाली होईल, डावीउजवीकडे वळेल, तितक्या वेळा त्या वाकतात. काही वर्षांनी आवरण चिरते, पाणी शिरते, तांबे हिरवे होते. नाकेदाराची किंमत फार नाही. परंतु त्याच्या तारा रीतसर बदलावयाच्या तर आख्खा ड्राइव्ह आणि त्यामागची बेलहाउसिंग उतरवावी लागते, आणि बंदरावरील कारागीर मजुरी तासावर घेतो. ही बातमी ऐकून स्नेह्यांनी ती दोन टोके कायमची जोडून टाकण्याचा, म्हणजे नाका उठवण्याचा, प्रस्ताव मांडला. तो मला मान्य नव्हता: आजचा चालक शहाणा असेल, उद्या पोरांपैकी कोणी अंगठा जरा जास्त वेळ दाबून ठेवील, आणि वेगात आधार सुटलेल्या ड्राइव्हची दुरुस्ती त्या मजुरीच्या कित्येक पट पडेल. अखेर ऑक्टोबरात, नौका प्लॅस्टिकात गुंडाळण्यापूर्वी, रबरी बेलोज बदलण्यासाठी ड्राइव्ह उतरवावाच लागणार होता, तेव्हा त्याच मजुरीत नाकेदाराचीही नेमणूक उरकण्यात आली.

तेलाच्या खात्याबद्दल थोडे सांगितलेच पाहिजे, कारण खरोखरच तेथे दोष असतो असेही प्रसंग येतात. टाकीतील तेलाची पातळी ड्राइव्ह पुरता खाली असताना पाहावी. वर असताना पाहिली तर तेल सिलिंडरांत गेलेले असते आणि टाकी रिकामी भासून मनुष्य वरपर्यंत भरतो, मग ड्राइव्ह खाली येताच जास्तीचे तेल झाकणावाटे बाहेर येऊन नौकेच्या पोटात पसरते. मर्क्रूझरच्या अनेक पंपांत साधे १० डब्ल्यू ३० इंजिन ऑइलही चालते, हे विक्रेता आपणहून सांगत नाही. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. मोटर मध्येच मुकाट बंद पडून थोड्या वेळाने आपोआप सुरू झाली तर तिने तापल्यामुळे किरकोळ रजा घेतली होती; तीबद्दल जाब विचारू नये, अंगठा उचलावा.

ड्राइव्ह वर ठेवला आणि सकाळपर्यंत खाली उतरला, किंवा उलट्या गिअरमध्ये आपणच वर येऊ लागला, ही लक्षणे मात्र आतल्या गळतीची: कोठे तरी एखादा व्हॉल्व्ह किंवा सील धरलेले तेल सोडून देत आहे. पंप दोषी की सिलिंडर, हे सिलिंडरांच्या नळ्या एकेक बंद करून ताडता येते. या सिलिंडरांविषयी मला आदर आहे. पाण्याखाली ओंडका आदळला तर ते ड्राइव्हला झटक्याने वर जाऊ देतात आणि काही ड्राइव्हांत तर त्यांतील एक तरंगता दट्ट्या आधीची जागा लक्षात ठेवून ड्राइव्हला पुन्हा तेथेच आणून बसवतो. इतकी स्मरणशक्ती मी प्रत्यक्ष कचेऱ्यांत क्वचित पाहिली आहे. या कामाच्या मोबदल्यात ते एवढेच मागतात की दांडे स्वच्छ राहावेत. म्हणून खाऱ्या पाण्यात नौका बांधताना ड्राइव्ह खाली ठेवून दांडे आत घ्यावे, नाहीतर त्यांवर कालवांसारखी कवचे धरतात आणि पुढच्या खेपेस तीच सीले कापतात.

वाचकांपैकी कोणी अशी जुनी नौका घेण्याच्या विचारात असेल, आणि डेट्रॉइटकडील मराठी मंडळींत हा विचार दर वसंत ऋतूत बळावतो, तर त्याने इंजिनाचा आवाज ऐकून भुलण्यापूर्वी विक्रेत्यास तीन बटणे क्रमाने दाबावयास सांगावीत: वर, खाली आणि ट्रेलर. तिन्ही वेळा आपण मागे, इंजिनाच्या झाकणापाशी कान देऊन उभे राहावे आणि तीन टिक् मोजावीत. मग ड्राइव्ह पुरता वर घेऊन सिलिंडरच्या दांड्यावर जेथे तो बाहेर पडतो तेथे खडूची खूण करावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहीन म्हणून सांगावे. विक्रेता रात्रभर थांबावयास राजी नसेल, तर नौका घेऊ नये.